एका ठोक्याचा हिशेब

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वर्षाला दोन मोठे हंगाम असतात. एक फेब्रुवारीच्या आसपास, दुसरा सप्टेंबरात. हे महिने ज्यांनी मुक्रर केले त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी द्राक्षबाग लावलेली नसणार, हे मी पैजेवर सांगतो. फेब्रुवारीत आमच्या पिंपळगाव बसवंतात द्राक्षतोडणी ऐन भरात असते. सप्टेंबरात बाजार समितीत टोमॅटोचा पूर येतो, पिकअपची रांग थेट हायवेला भिडते, आणि जिला आम्ही ऑक्टोबर छाटणी म्हणतो तिची कातरी बऱ्याच बागांतून सप्टेंबरातच चालू होते. थोडक्यात, मुंबईत बीथोव्हन असतो तेव्हा पिंपळगावात मरायला फुरसत नसते.

तरीही पुढच्या हंगामाचा कार्यक्रम जाहीर झाला की तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारा एक माणूस या गावात आहे. तो मी. नरिमन पॉइंटला नोकरी करणारा भाचा मोबाइलवर तो पाठवतो आणि मी तो मोठ्यानं वाचतो. मनात वाचला असता तर बरंच काही टळलं असतं. पण मनात वाचून गावात दर्दी म्हणून नाव होत नाही.

पोटासाठी मी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो. किती जाळ्या आल्या, किती किलो भरल्या, हमाली किती, तोलाई किती. संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजनाला टाळ वाजवतो. टाळकऱ्याला संगीतात काय मान असतो, हे ज्यानं टाळ वाजवला त्यालाच ठाऊक. बुवा गातात, पेटीवाला मान हलवतो, पखवाजी भाव खातो. टाळकरी चुकला तरच लोकांना कळतं की तो होता. आता अशा माणसानं विलायती संगीताचा जाणकार म्हणून थोडं नाव काढायचं ठरवलं, तर त्यात गैर काय?

"सिंफनी म्हंजे नेमकं काय?" बुवांनी एकदा भजन उरकल्यावर विचारलं.

"चार भागांची मोठी रचना असते बुवा. ऐंशीएक माणसं एकदम वाजवतात."

"अन् गातो कोण?"

"कुणीच नाही."

"मग ऐंशी जण साथ कुणाला करतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी इतिहास सांगितला. जाणकारीचा हा पहिला नियम : प्रश्न अडला की सनावळी काढावी. हा ऑर्केस्ट्रा २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव या दोघांनी उभा केला. पगारी वादकांचा, पूर्ण वेळ चालणारा असा हा देशातला एकमेव सिंफनी ऑर्केस्ट्रा. त्यात कझाकस्तानातून आलेले बरेच वादक आहेत.

"देश आपला अन् माणसं त्यांची?" पखवाजी म्हणाला.

"द्राक्ष आपलं, पण थॉमसन वाण कुठला?" मी म्हणालो. हे उत्तर इतकं झकास बसलं की मला स्वतःचाच आदर वाटला. त्या भरात मी पखवाज्याला आणखी एक टोला हाणला. उस्ताद झाकीर हुसेन यांनी याच ऑर्केस्ट्रासाठी तबला आणि सिंफनी यांची 'पेशकार' नावाची रचना केली, २०१५ साली ती मुंबईत पहिल्यांदा वाजली आणि पुढच्याच वर्षी ऑर्केस्ट्रा ती घेऊन स्वित्झर्लंडला गेला. झाकीरभाईंचं नाव निघताच पखवाज्यानं कानाला हात लावला आणि कझाकस्तानला माफ केलं.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो द्वोर्झाकमुळे.

आंतोनिन द्वोर्झाक हा बोहेमियाचा. १८९२ साली न्यूयॉर्कच्या एका संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून तो अमेरिकेला गेला, आणि तिथं राहून त्यानं आपली नववी सिंफनी लिहिली. 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड' हे तिचं नाव. डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली. या गृहस्थाला आगगाड्यांचं जबर वेड होतं. इंजिनं बघायला तो मुद्दाम स्टेशनवर जायचा. मनमाड जंक्शन त्याच्या नशिबी नव्हतं, नाहीतर दहावी सिंफनीही झाली असती. तर भाच्यानं पाठवलेल्या कार्यक्रमात ही नववी सिंफनी होती. तिची माहिती काढता काढता मला एक गोष्ट सापडली, आणि माझ्यातला हिशेबनीस आणि टाळकरी दोघेही एकदमच ताठ बसले.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या या सिंफनीत झांजेचा ठोका फक्त एक आहे. एक! चौथ्या भागात. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही. आणि ट्यूबा नावाचं जे भलंमोठं पितळी वाद्य मांडीवर घेऊन माणूस बसतो, त्याला अख्ख्या सिंफनीत चौदा सूर आहेत. तेही सगळे दुसऱ्या भागात. बाकी वेळ तो ते वाद्य सांभाळतो.

मी हे मंडळात सांगितलं आणि त्या रात्री भजन अर्ध्या तासानं उशिरा सुरू झालं.

"एका ठोक्यासाठी माणूस न्यायचा?" बुवा.

"न्यावाच लागतो. लिहिलंय ना."

"रोजावर का उक्त्यावर?"

आता हा खरा पिंपळगावचा प्रश्न. आमच्याकडे टोमॅटो खुडणारी बाई रोजावर असते आणि जाळ्या भरणारा उक्त्यावर. रोजावरच्या माणसाला काम कमी असेल तर मालकाच्या पोटात दुखतं. उक्त्यावरच्या माणसाला काम कमी असेल तर माणसाच्या पोटात दुखतं. झांजवाला उक्त्यावर असेल तर एका ठोक्यात त्याचं घर कसं चालतं? आणि पगारावर असेल तर त्याचा एक ठोका मालकाला केवढ्याला पडतो? मी खरोखरच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ट्यूबावाल्याचा सूर झांजवाल्याच्या ठोक्यापेक्षा चौदापट स्वस्त निघाला. पखवाजी म्हणाला की ट्यूबावाल्यावर अन्याय आहे. पेटीवाल्याचं म्हणणं, वजन उचलण्याचे वेगळे द्यायला पाहिजेत.

शेवटी बुवांनी निकाल दिला. "हे असं बसून नाही कळायचं. तू जाऊन ये. तो एक ठोका नीट बघ. हात कसा उचलतो, झांज कुठं धरतो, मारल्यावर तोंड कसं करतो. सगळं बघून ये आणि इथं करून दाखव."

म्हणजे ज्या संगीताला जायचं मी फक्त बोलत होतो, तिथं आता जाणं भाग होतं. तेही सप्टेंबरात.

शेठकडे रजा मागायला गेलो तेव्हा मोठी तयारी करून गेलो. म्हटलं, शेठ, १९६९ साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर निघाला तेव्हा याच सिंफनीची टेप बरोबर घेऊन गेला होता. त्याच वर्षी जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी मुंबईत एनसीपीए काढलं. टेप चंद्रावर जाते, आणि मी नरिमन पॉइंटला जाऊ नये?

शेठ म्हणाले, "चंद्रावर टोमॅटोचा सीझन नसतो." पण माणूस उदार. तेवढ्यात त्यांना आठवलं की त्याच रात्री वाशीच्या मार्केटला माल जायचा होता. "गाडीबरोबर जा. पट्टी बघून घे, मग काय वाजवायचं ते वाजव."

खरं तर सुसंस्कृत माणूस निफाडहून पंचवटी एक्सप्रेस धरतो. पण परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते आणि मैफल सुरू होते सातला, त्यामुळे ती गाडी असूनही माझ्या उपयोगाची अर्धीच होती. अर्ध्या उपयोगासाठी पूर्ण तिकीट काढणं माझ्या व्यवसायात बसत नाही. मी पिकअपमध्ये बसलो. अंगात मुलीच्या लग्नातली बिस्किटी सफारी. भाच्यानं बजावलं होतं, "मामा, साधा इस्त्रीचा शर्ट पुरे." पण ऐंशी माणसं काळ्या कपड्यांत वाजवणार आणि पिंपळगावचा प्रतिनिधी शर्टात बसणार, हे मला गावाच्या दृष्टीनं बरं दिसेना.

"नाना, एवढं नटून कुठं?" गाडीवाल्या पोरानं विचारलं.

"सिंफनी ऐकायला."

"बरं," तो म्हणाला, आणि कसारा घाट उतरेपर्यंत त्यानं माझ्याकडे अधूनमधून काळजीनं बघितलं. त्याला ती तपासणी वाटली असावी.

पहाटे वाशीला माल उतरवताना एक जाळी कलली. ती मी अडवली. हातानं अडवायला हवी होती, पाठीनं अडवली. शेठच्या मालाचं नुकसान टळलं. पण सफारीवर खांद्यापासून कमरेपर्यंत जे झालं ते मला दिसत नव्हतं म्हणून मी निश्चिंत होतो. हार्बर लोकलनं सीएसएमटी, तिथून चालत नरिमन पॉइंट. भाचा संध्याकाळी सुटणार होता. तोवर समुद्राकडे तोंड करून कट्ट्यावर बसलो, उन्हात तापलो आणि इयरफोन लावून नववी सिंफनी पुन्हा पुन्हा ऐकली. झांजेचा ठोका काही कानाला लागेना. म्हटलं, मोबाइलचा दोष. प्रत्यक्षात दणदणीत असणार. आम्ही नाशिक जिल्ह्याचे. नाशिक ढोलावर पोसलेला कान. जे कानठळ्या बसवत नाही त्याला वाद्य म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर बघून मात्र मी गप्प झालो. १९९७ साली हे थिएटर बांधून होत आलं असताना आगीत जळालं. जमशेद भाभा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. त्यांनी ते पुन्हा बांधायला घेतलं आणि १९९९ मध्ये उघडलं. मलबार हिलवरच्या पेटिट हॉलचा जुना संगमरवरी जिना तिथं आणून बसवलाय. त्या जिन्यानं चढताना मी इतका ताठ चाललो की मागून येणाऱ्यांना माझी पाठ अगदी नीट दिसली असणार.

जागेवर बसलो. एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला एक पारशी आजी. त्यांनी आधी माझ्या पाठीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"दीकरा, तुला लागला काय?"

"नाही, टोमॅटो आहे."

"ओहो," त्या म्हणाल्या, जणू नरिमन पॉइंटला हे रोजचंच. मग पर्स उघडून त्यांनी खोकल्याच्या गोळ्या काढल्या आणि एकेकीचा कागद सोडवून रुमालावर मांडल्या. मैफल सुरू झाल्यावर कागदाचा आवाज व्हायला नको म्हणून ही तयारी. माझ्या पिशवीत चिवड्याचा पुडा होता. तो मी पायानं खुर्चीखाली ढकलला. तेवढ्यानंही तो पुढच्या तीन रांगांना ऐकू गेला.

वादक येऊन बसले. मग एकटा एक व्हायोलिनवाला आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. भाचा म्हणाला, हा कंडक्टर नव्हे, हा पहिल्या व्हायोलिनचा म्होरक्या. मग ओबो नावाच्या वाद्यानं एक सूर धरला आणि सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला लावून घेतली. काय गंभीर नाद तो! माझ्या तोंडून "वा!" गेलं. भाच्यानं माझा हात दाबला. पण यात मी एकटा नाही. १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीच्या मैफलीत रविशंकरांनी सतार लावून घेतली तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता, आणि नुसतं लावणं इतकं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी त्यांना म्हणाले होते. अमेरिकेनं केलं ते पिंपळगावनं का करू नये?

कंडक्टर आला आणि पूर्वार्ध सुरू झाला : चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कन्चेर्तो. हातात काडी घेतलेला हा माणूस मला लगेच ओळखीचा वाटला. आमच्या समितीत लिलाव पुकारणारा असाच असतो. स्वतः एक टोमॅटो विकत नाही, एक विकत घेत नाही. पण कोण बोलायच्या बेतात आहे हे बोलण्याआधी त्याला कळतं, मान तिकडे वळते, हात वर जातो, आणि त्याच्या हातावाचून शंभर माणसं नुसती गलका करतील. एवढाच फरक की इथला माणूस शेवटी चढा भाव कोणाला मिळाला ते सांगत नाही.

कन्चेर्तोचा पहिला भाग लांबलचक आणि शेवट असा वादळी की संपल्या संपल्या निम्म्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी अभ्यास करून आलो होतो. तीन भाग असोत की चार, सगळे संपेपर्यंत टाळी नाही, हा नियम मी पाठ केला होता. माझ्या डोळ्यांदेखत नरिमन पॉइंटचे लोक तो मोडत होते आणि त्यांत शेजारच्या आजीही होत्या! मी बोट ओठांवर ठेवून त्यांना म्हणालो, "शूऽऽ."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. त्या पुढे झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "मोझार्ट काय म्हणते, ठाऊक हाय? पॅरिसमंदी त्याची सिंफनी चालू असताना, भागच्या मधी, लोकनी टाळी मारली. ते खूश झाला. बापला लेटर लिवला. मग जाऊन आइस्क्रीम खाल्ला."

हे १७७८ सालचं पत्र खरं आहे. मी नंतर तपासलं. आइस्क्रीमही खरं आहे. भागांच्या मध्ये गप्प बसायचा रिवाज पुष्कळ नंतरचा. म्हणजे जो नियम मोझार्टला माहीत नव्हता तो मी टोमॅटोच्या पाठीनिशी एका पारशी आजींना शिकवत होतो. दोन रांगांतली मंडळी वळून बघत होती आणि भाचा माझा कोणी नसल्यासारखा छताचं बांधकाम न्याहाळत होता.

मध्यंतरात आजींनी मला बाजूला घेतलं. त्यांना माझी दया आली असावी किंवा वास. त्या म्हणाल्या की आत्ता ऐकलेला कन्चेर्तो १८८१ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला तेव्हा हान्सलिक नावाच्या बड्या समीक्षकानं लिहिलं होतं, की कानाला दुर्गंधी येईल असंही संगीत असू शकतं. हे त्यांनी माझ्या सफारीकडे बघत सांगितलं. सांत्वन होतं की शेरा, ते मला अजून कळलेलं नाही. मग त्या जुन्या मुंबईत शिरल्या. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. त्यांचा मुलगा झुबिन त्या तालमी ऐकत वाढला आणि पुढे जगभर गाजला. व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवणारे गोव्याचे लोक हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत गेले. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे ते व्हायोलिनचे गुरू, आणि 'अमर अकबर अँथनी'मधलं नाव त्यांच्यावरूनच आलेलं. 'छाया' चित्रपटात सलील चौधरींनी तलत-लताच्या गाण्यासाठी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरावट घेतली.

मी थक्क झालो. म्हणजे रेडिओवर ते गाणं ऐकत मी वर्षानुवर्षं टोमॅटोच्या पट्ट्या लिहिल्या आणि मोझार्ट माझ्या गाळ्यावर येऊन जात होता! मला ते गाणं अगदी आतून येतं, असं मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग इतना टेन्शन कायको? तशीच ऐक ने."

किती सोपी गोष्ट! पण मी ऐकायला आलोच नव्हतो. मी ठोका बघायला आलो होतो.

उत्तरार्ध. द्वोर्झाक. मी पुढे सरकून बसलो आणि मागच्या रांगेतल्या झांजवाल्यावर डोळे रोखले. तो हात मांडीवर ठेवून बसलेला. पहिला भाग झाला. व्हायोलिनं उसळली, कर्णे गरजले, टिंपनीवाला घामाघूम झाला, हा तसाच. दुसरा भाग सुरू झाला. इंग्लिश हॉर्न नावाच्या वाद्यानं एक संथ, लांबलेली धून काढली, आणि आजींनी डोळे मिटले, भाच्यानं मोबाइल खिशात टाकला, पुढच्या रांगेतला माणूस चष्मा पुसू लागला. मी ट्यूबावाल्याचे सूर मोजत होतो. बारा मोजले. दोन कुठं गेले म्हणून मी अस्वस्थ झालो. रोकड जुळली नाही की मला जेवण जात नाही. ती धून केव्हा संपली ते मला कळलंच नाही. जगभरात जिच्यासाठी लोक ही सिंफनी ऐकायला येतात त्या धुनेच्या वेळी मी बेरीज करत होतो.

तिसऱ्या भागात मागच्या रांगेत हालचाल झाली. मी भाच्याचा दंड धरला. पण त्या इसमानं लोखंडी त्रिकोण उचलला आणि टिणटिण करून ठेवून दिला. म्हटलं, हरकत नाही. हात मोकळा करतोय.

चौथा भाग! सुरुवातच अशी दणक्याची की मी खुर्चीच्या कडेवर आलो. आता दोन मोठ्या पितळी झांजा वर जाणार, दिव्यांत चमकणार, आणि तो खणखणीत आवाज समुद्रापार जाणार. मी हातांची पकड, कोपराचा कोन, सगळं टिपायला तयार होतो. मध्येच त्यानं उठून दांडीला टांगलेल्या एका थाळीला काठी अलगद लावली. 'छिस्स' असं काहीतरी झालं. मला वाटलं, धूळ झटकली. किंवा वाजवायच्या आधी लागतेय का बघितली. काम जोखमीचं, माणूस तपासून घेणारच. तो परत बसला आणि मी वाट बघू लागलो.

संगीत चढत गेलं. मी वाट बघत होतो. आधीच्या भागांतल्या सगळ्या धुना एकेक करून परत आल्या. मी वाट बघत होतो. कर्णे फुटायच्या बेताला आले, सगळा वाद्यवृंद एका सुरावर कोसळला. मी अर्धा उभा राहिलो. आता! हीच जागा! झांजवाला हाताची घडी घालून कंडक्टरकडे बघत होता.

या सिंफनीचा शेवट मोठा विलक्षण आहे. एवढा गदारोळ करून झाल्यावर शेवटी फुंकीच्या वाद्यांचा एकच सूरमेळ उरतो, लांबतो, आणि विरत विरत नाहीसा होतो. कंडक्टरचा हात हवेत असतो. अकराशे माणसांच्या त्या थिएटरात एक श्वाससुद्धा ऐकू येत नाही. टाळी कुणी वाजवत नाही. अजून संपलेलं नसतं, आणि वाजतही काही नसतं.

तिथं मी म्हणालो, "अहो, झांज राहिली!"

भजनी मंडळात टाळकऱ्याला देवळाबाहेर ऐकू जाईल असं बोलायची सवय असते. शिवाय जमशेद भाभा थिएटरात नाद फार उत्तम पोचतो. वाद्यवृंदातल्या काहीजणांना मराठी येत असणार, कारण व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत एका मुलीचे खांदे हलू लागले. मग टाळ्या झाल्या. प्रचंड झाल्या. भाचा त्या टाळ्यांचा फायदा घेऊन दोन खुर्च्या पलीकडे गेला.

आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "वाजली, दीकरा," त्या म्हणाल्या. "केवाची वाजली."

"ती? ती धूळ झटकली ना!"

"त्येच. द्वोर्झाकनी तेवढीच मागितली." आणि त्यांनी रुमालावर उरलेली एक गोळी माझ्या हातावर ठेवली.

गावी परतलो तेव्हा देवळात सगळे जमलेलेच होते. करून दाखव, म्हणाले. मी टाळ एका हातात टांगता धरला, दुसऱ्या हातात पेटीवाल्याचं पेन घेतलं आणि 'छिस्स' केलं. कुणाला ऐकू आलं नाही. पुन्हा केलं. पखवाजी म्हणाला, "एवढ्यासाठी वाशीला गेला?" मी त्यांना समजावून सांगितलं : मारणं कुणालाही येतं, पण आपली जागा येईपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं गप्प बसणं आणि मग हवं तेवढंच, हवं तिथंच वाजवणं, ही विद्या आहे. सांगता सांगता मला स्वतःलाच ते इतकं पटलं की येत्या एकादशीला मी ते करून दाखवायचं ठरवलं.

एकादशीला मी टाळ हातात धरून स्वस्थ बसलो. बुवा गात होते, बाकीचे टाळ झडत होते, मी मनात मात्रा मोजत होतो. लोकांना वाटलं मला बरं नाहीये. कुणीतरी पाणी आणून ठेवलं. अभंगाच्या शेवटच्या चरणात माझी जागा आली आणि मी एक ठोका दिला. हलका. नेमका. बुवांनी एक डोळा उघडून मिटला, म्हणजे ऐकला होता.

आरती झाली, प्रसाद वाटायला बुवा स्वतः उठले. खडीसाखर-फुटाणे, ज्याला त्याला ओंजळभर. माझ्यापाशी आले, परातीत नीट निरखून पाहिलं आणि माझ्या तळहातावर एक फुटाणा ठेवला.

"बुवा, हे काय?"

"उक्त्याचं काम, उक्त्याचा दर."

मी हिशेब लिहिणारा माणूस. दोनदा मांडून पाहिला; दर बरोबर होता. "निदान खडीसाखरेचा एक खडा तरी," मी म्हणालो.

"ती त्रिकोणवाल्याची," बुवा म्हणाले आणि पुढे गेले.